डबा बदलायचाय? आधी मोजायचं!

दोस्तांनो, पुढे वाचण्याआधी एक काम करा. उठा, आणि आपल्या घरातला इंटरनेटचा डबा कुठे ठेवलाय ते बघून या.

बघितलात? बहुतेक घरांत तो दाराजवळ, चपलांच्या रॅकच्या वर, नाहीतर टीव्हीच्या मागे धूळ खात बसलेला असतो. तिथेच का बरं? कारण कंपनीचा माणूस वायर घेऊन आला, वायर जिथून घरात शिरली तिथेच त्यानं दोन स्क्रू पिळले, डबा टांगला, हिरवे दिवे लागले याची खात्री केली आणि पुढच्या घरी गेला. तुमची अभ्यासाची खोली कुठल्या टोकाला आहे, आजी व्हिडिओ कॉल कुठे बसून करते, हे त्यानं विचारलं नाही. आपणही सांगितलं नाही.

मग सुरू होतो रोजचा गोंधळ. हॉलमध्ये सिनेमा झकास चालतो आणि मागच्या खोलीत ऑनलाइन तासाला सरांचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठतो! "नेट गेलंऽऽ" अशी आरोळी उठते. बाबा डब्याची पिन काढून परत लावतात. आई म्हणते, "सगळ्यांनी मोबाइल खाली ठेवा, म्हणजे येईल." आणि दादा म्हणतो, "हा कंपनीनं दिलेला डबाच भिकार आहे. आपण नवा राउटर आणू."

दादाचं म्हणणं बरोबर असू शकतं. पण तेवढंच चुकीचंही असू शकतं! आणि चांगला राउटर म्हणजे दोन-चार हजारांचा मामला. तेव्हा बाबांच्या खिशाला हात घालण्याआधी नक्की दुखतंय कुठे, हे शोधायला हवं. हे काम तुमच्यासारख्या मुलांना मोठ्यांपेक्षा छान जमतं, कारण त्यासाठी लागतो कागद, पेन्सिल आणि थोडी चिकाटी.

एका डब्यात चौघेजण

आधी त्या डब्याच्या पोटात काय आहे ते समजून घेऊ. वरून तो एक दिसतो, पण आत चार वेगवेगळी कामं चाललेली असतात.

तुमच्याकडे फायबरचं कनेक्शन असेल तर घरात येणारी ती बारीक वायर तांब्याची नसते. तिच्या आत केसासारखा काचेचा धागा असतो आणि त्यातून प्रकाश धावत येतो. कंपनीच्या ऑफिसातून निघालेला एक धागा वाटेत फुटून ३२, कधी ६४ घरांत जातो. प्रकाश सगळ्यांकडे सारखाच पोचतो. त्यातला आपल्या घराचा निरोप कोणता, हे ओळखून त्याचं विजेच्या भाषेत रूपांतर करणं हे डब्याचं पहिलं काम. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना अपाय करू शकतो. म्हणून तो धागा उपसून त्याच्या टोकात डोकावायचं नाही, बरं का! तो फार वाकवायचाही नाही. तीव्र वळणावर प्रकाश धाग्यातून बाहेर सांडतो, मग डब्यावर लाल दिवा लागतो आणि इंटरनेट बंद.

दुसरं काम वाटपाचं. बाहेरच्या जगाला तुमच्या घराचा एकच पत्ता माहीत असतो. पण आत फोन चार, टीव्ही एक, लॅपटॉप दोन. कुणी काय मागवलं याची वही ठेवायची आणि आलेला माल ज्याचा त्याला द्यायचा, हे राउटरचं काम. सोसायटीच्या वॉचमनसारखं समजा. तिसरं काम अगदी साधं: डब्याच्या मागे जी तीन-चार सॉकेटं दिसतात, त्यांत केबल लावून जोडणी देणं.

आणि चौथं काम म्हणजे वायफाय. वायफाय म्हणजे दुसरंतिसरं काही नसून रेडिओ आहे! आकाशवाणीचं केंद्र जसं लहरी सोडतं, तसंच हे तुमच्या घरातलं इवलंसं केंद्र. फरक इतकाच, की इथे तुमचा फोनही उलट बोलतो.

आता विचार करा. कंपनीला असे लाखो डबे वाटायचे असतात. एका डब्यामागे शंभर रुपये वाचले तरी केवढी रक्कम होते! मग काटकसर कुठे होते? प्रकाशाच्या भागात करून चालत नाही, नाहीतर जोडणीच चालणार नाही. काटकसर होते ती रेडिओच्या भागात. त्यात लबाडी नाही, हिशेब आहे. पण त्या हिशेबाचा फटका मागच्या खोलीतल्याला बसतो.

म्हणून "राउटर बदलणं" याचा आपल्याकडे सहसा अर्थ असा, की प्रकाशाचं काम कंपनीच्या डब्याकडेच ठेवायचं, आणि वाटपाचं व रेडिओचं काम आपल्या डब्याकडे घ्यायचं. जुना डबा पुरता काढून टाकता येतोच असं नाही. कंपनीचं यंत्र त्याला त्याच्या नंबरावरून ओळखतं, आणि घरचा लँडलाइन फोनही बऱ्याचदा त्यालाच लावलेला असतो.

लहरींचा स्वभाव

वायफायचे नेहमीचे पट्टे दोन. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्यातली लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांब, दुसऱ्यातली पाच ते सहा सेंटीमीटर. लांब लहर भिंतीतून बऱ्यापैकी पार जाते. आखूड लहर भिंतीपाशी लवकर दमते, पण मोकळ्या जागेत भराभर माल वाहते. काही घरांत वायफायच्या दोन नावांपैकी एकाच्या शेवटी "५जी" लिहिलेलं दिसतं, ते या पट्ट्यामुळे. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काहीएक संबंध नाही!

मग सगळ्यांनी २.४ वरच का बसू नये? कारण तिथे ही गर्दी! शेजाऱ्यांची वायफाय तिथे, ब्लूटूथ तिथे, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा साधारण तिथेच, २.४५ गिगाहर्ट्झवर. त्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न पडणारे नेहमीचे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वीस फ्लॅटच्या इमारतीत वीस वायफाय आणि चॅनेल तीन, म्हणजे काय होत असेल? पाच गिगाहर्ट्झमध्ये जागा कितीतरी जास्त आहे. आपल्या सरकारनं २०१८ मध्ये त्या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला मोकळा केला.

आणखी एक गंमत लक्षात ठेवा. वायफायवर एका चॅनेलमध्ये एका वेळी साधारण एकानंच बोलायचं असतं. वर्गात जसं एकजण बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचं, तसंच. म्हणजे घरातला एखादा जुनाट फोन लांबच्या खोलीतून अडखळत, हळूहळू बोलत असेल तर बाकीचे ताटकळतात. तेव्हा "मोबाइल खाली ठेवा" हे आईचं म्हणणं अगदीच चूक नाही!

भिंतींचं काय? प्लायवुडचं पार्टिशन लहरींना फारसं अडवत नाही. विटांची भिंत थोडी अडवते. सिमेंट-काँक्रीट आणि आतल्या लोखंडी सळया चांगल्याच अडवतात. जुन्या वाड्यांच्या हात-हातभर जाडीच्या दगडी भिंती, लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी ही सगळी लहरींच्या वाटेतली दांडगी मंडळी. डबा लोखंडी कपाटाच्या मागे ठेवून "रेंज नाही" म्हणणं म्हणजे खिडकी बंद करून वारा नाही म्हणण्यासारखं आहे.

आता मोजू या

एका कागदावर घराचा साधा नकाशा काढा. स्वयंपाकघर, हॉल, खोल्या, बाल्कनी, आणि डबा जिथे असेल तिथे फुली. मग वेग मोजणारं कुठलंही एक फुकट ॲप आई किंवा बाबांच्या फोनवर घ्या. घरातले बाकीचे सगळे डाउनलोड आणि टीव्ही थोडा वेळ बंद करायला सांगा. फोनचा मोबाइल डेटाही बंद करा, नाहीतर मोजायचं वायफाय आणि आकडे यायचे मोबाइल टॉवरचे!

पहिलं माप सगळ्यात महत्त्वाचं, ते वायफायवर घ्यायचंच नाही. लॅपटॉपला केबलचं सॉकेट असेल तर केबलनं तो सरळ डब्याला जोडा आणि वेग मोजा. मग फोन घेऊन डब्यापासून एका पावलावर उभे राहा, तिथे मोजा. मग प्रत्येक खोलीत. प्रत्येक जागी तीनदा मोजून मधला आकडा नकाशावर लिहा. हेच सगळं एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊच्या सुमाराला करा, कारण रात्री सगळी इमारत इंटरनेटवर असते.

एक सूचना: प्लॅनमधले "१०० एमबीपीएस" म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइली मोजतात मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतील. कंपनी फसवते असं त्यावरून म्हणू नका.

आता नकाशा वाचा. समजा, तुमचा प्लॅन १०० चा आहे आणि केबलवरच २०-२५ येतायत. मग वायफायला बोल लावून उपयोग नाही. दोष बाहेरच्या जोडणीत असणार किंवा केबल खराब असेल. केबल बदलून बघा, नाही जमलं तर कंपनीकडे तक्रार. इथे नवा राउटर म्हणजे पैसे पाण्यात! प्लॅन १०० पेक्षा मोठा असून केबलवर आकडा ९५ च्या आसपास अडकत असेल, तर डब्याचं ते सॉकेट १०० चंच असण्याची शक्यता आहे. काही डब्यांत एकच सॉकेट वेगवान असतं, बाकीची जुन्या वेगाची. दुसऱ्या सॉकेटात लावून बघा.

केबलवर ९५, पण डब्यासमोर उभं राहून फोनवर ३५-४०? मग दादा जिंकला. डब्याचा रेडिओ कमजोर आहे. फक्त २.४ चा पट्टा आणि एकाच अँटेनाचं काम असलेल्या डब्यावर साध्या चॅनेलमध्ये कागदावरचा वेग ७२ असतो, आणि प्रत्यक्षात त्याचा निम्मा-अर्धा हाती लागतो. दोन्ही पट्ट्यांचा नवा राउटर इथे खरोखर फरक पाडेल.

आणि डब्याजवळ ९०, हॉलमध्ये ८०, पण मागच्या खोलीत ४? हा भिंतींचा प्रताप. इथेच लोक सर्वांत जास्त फसतात. सहा शिंगांचा, दिसायला कोळ्यासारखा राउटर आणतात आणि जुन्याच जागी, चपलांच्या रॅकवर ठेवतात! वायफायनं किती जोरात बोलायचं याला कायद्यानं मर्यादा आहे, आणि ती शिंगं मोजून वाढत नाही. शिवाय राउटरनं कितीही जोर लावला तरी तुमच्या फोनलाही उलट ओरडून सांगावं लागतं, आणि फोनचा आवाज तेवढाच बारीक असतो.

तेव्हा पहिला उपाय फुकटचा. डबा उंचावर, मोकळ्यावर आणि शक्यतो घराच्या मध्यावर आणा. त्याला उभ्या अँटेना असतील तर उभ्याच ठेवा. उभ्या अँटेनाभोवती लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात, आजूबाजूला भरपूर आणि टोकाच्या वर-खाली कमी. फायबरचा धागा मात्र आपण हलवायचा नाही, त्यासाठी कंपनीच्या माणसाला बोलवा. तो येणं अवघड असेल तर पंधरा-वीस मीटरची लॅन केबल घ्या, एक टोक कंपनीच्या डब्यात, आणि दुसऱ्या टोकाला, जिथे हवा तिथे, आपला नवा राउटर. माझं मत विचाराल तर भारतीय घरांसाठी हाच सगळ्यात भरवशाचा उपाय. भिंतीवर एक वायर दिसेल, आई थोडी कुरकुर करेल. पण लहरींना जी भिंत ओलांडायला जड जाते ती वायर बिनबोभाट ओलांडते.

बाजारात "रिपीटर" नावाचं प्लगमध्ये खोचायचं स्वस्त यंत्रही मिळतं. साधा रिपीटर एकाच रेडिओवर आधी ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. वाचन किंवा निरोपांना चालेल, ऑनलाइन वर्गाला फार भरवसा ठेवू नका.

नवा डबा जोडताना

हे काम मोठ्यांना बरोबर घेऊनच करायचं. कंपनीच्या डब्याच्या सॉकेटातून केबल काढून नव्या राउटरच्या "वॅन" लिहिलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या सॉकेटात लावा. मग जुन्या डब्याचं वायफाय बंद करा. हे लोक हमखास विसरतात आणि दोन्ही रेडिओ एकाच खोलीत एकमेकांवर ओरडत बसतात!

कधी कधी दोन्ही डब्यांचा घरातला पत्ता एकच निघतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. वर्गात दोन पाटील असले आणि बाईंनी नुसतं "पाटील!" म्हटलं, की दोघं उभे राहतात ना, तसं होतं. नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करा, झालं.

यात दोन वॉचमन एकामागे एक बसतात, हे खरं. सिनेमा, अभ्यास, व्हिडिओ कॉल यांना त्यानं बाधा येत नाही. काही ऑनलाइन खेळ मात्र कुरकुरतात. तसं झालं तर कंपनीला फोन करून जुना डबा "ब्रिज मोड"वर टाकायला सांगायचं, म्हणजे तो फक्त प्रकाशाचं काम करतो. त्यासाठी जोडणीचं युजरनेम आणि पासवर्ड लागू शकतो, तो आधी मागून घ्या. काही कंपन्या देतात, काही नन्नाचा पाढा लावतात. ब्रिज मोडआधी घरचा लँडलाइन चालू राहील ना, हेही विचारून ठेवा. जर्मनीत तर हा वाद थेट कायद्यापर्यंत गेला! १ ऑगस्ट २०१६ पासून तिथे ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचं यंत्र लावायचा हक्क मिळाला आणि कंपन्यांवर जोडणीची माहिती देण्याचं बंधन आलं.

त्याच जर्मनीत त्याच वर्षी एक विलक्षण प्रकार घडला. २७ नोव्हेंबर २०१६, रविवार. डॉइश टेलिकॉम कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट, कुणाकुणाचा फोन आणि टीव्हीसुद्धा कोलमडला. राउटरांना दुरून दुरुस्त करता यावं म्हणून यंत्रांत जी वाट ठेवतात, त्या वाटेनं कुणीतरी जगभरातल्या राउटरांत घुसायचा प्रयत्न चालवला होता. जर्मनीतल्या त्या राउटरांवर ताबा मिळाला नाही, पण धडका बसून ते बेशुद्ध पडले! हल्ल्यामागे होता "मिराई" नावाच्या घातक प्रोग्रॅमचा एक भाऊबंद. मूळ मिराईची युक्ती ऐकून तर तुम्ही थक्क व्हाल. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती. ॲडमिन-ॲडमिन, ॲडमिन-१२३४ अशी. तो दारोदार जाऊन त्या किल्ल्या लावून बघायचा, आणि लाखो कॅमेरे व राउटर उघडायचे. कारण मालकांनी किल्ली बदललेलीच नव्हती.

आई-बाबा, हा परिच्छेद तुमच्यासाठी. राउटरला दोन किल्ल्या असतात. एक वायफायचा पासवर्ड, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा राउटरच्या आतल्या सेटिंगचा, तो बऱ्याच घरांत कधीच बदललेला नसतो. डबा जुना असो की नवा, दोन्ही आजच बदला आणि वहीत लिहून ठेवा. सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए-३ असेल तर ते, नाहीतर डब्ल्यूपीए-२ निवडा. पाहुण्यांसाठी वेगळं "गेस्ट" वायफाय असेल तर ते चालू करा. कंपनीच्या डब्याला नवं सॉफ्टवेअर कंपनी पाठवते, आपल्या राउटरचं ते आपल्यालाच बघावं लागतं. आपोआप अपडेटची सोय असलेलाच राउटर घ्या. निर्मात्यानं अपडेट देणं बंद केलेला, स्वस्तात मिळणारा जुना राउटर घेऊ नका.

दुकानात गेल्यावर खोक्यावर "१२००", "१५००" असे मोठे आकडे दिसतील. ती दोन्ही पट्ट्यांची बेरीज असते, एका फोनला तेवढा वेग कधीच मिळत नाही. बघायचं ते एवढंच: दोन्ही पट्टे आहेत का, सॉकेटं १००० ची आहेत का, आणि वायफाय कितव्या पिढीचं आहे. पाचवी पिढी बहुतेक घरांना पुरते. सहावी २०१९ पासून बाजारात आहे आणि खूप यंत्रं असलेल्या घरात गर्दी चांगली आवरते. सातवी २०२४ पासून आली, पण तिचा पुरता फायदा घ्यायला फोनही तसलाच हवा. शंभरच्या प्लॅनला तिच्यासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

लाईट गेले की काय होईल तेही आधी ठरवा. आता डबे दोन, म्हणजे वीजही दोघांना हवी. नुसता नवा राउटर छोट्या यूपीएसवर ठेवलात तर वायफायची पट्टी फोनवर पूर्ण दिसेल आणि इंटरनेट मात्र शून्य, कारण प्रकाशवाला डबा झोपलेला!

सगळं जोडून झालं की तोच नकाशा पुन्हा काढा, त्याच जागी, त्याच वेळी, तीन-तीनदा मोजून. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. मागच्या खोलीतला ४ चा आकडा फारसा हलला नसेल तर राउटर परत करायची मुदत संपायच्या आत दुकान गाठा. म्हणून खोकं आणि पावती आठ दिवस तरी जपून ठेवायची. आणि कंपनीचा डबा उद्या खरंच निकामी झाला तरी भंगारवाल्याला देऊ नका हं. तो बहुधा कंपनीच्याच मालकीचा असतो, आणि कनेक्शन सोडताना तो अडॅप्टरसकट परत मागतात.